कृष्णवर्णीय विद्यापीठाचं अध्यक्षपद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कमला हॅरिस हॉवर्डच्या आणि मार्टिन ल्युथर किंग मोरहाउसचे, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. पण अमेरिकेतली ही कृष्णवर्णीयांसाठी निघालेली विद्यापीठं चालवतं कोण, पैसा कुठून येतो, विद्यार्थी रस्त्यावर उतरले की वरच्या मजल्यावर काय घडतं, याबद्दलचे प्रश्न फिरून फिरून येतात आणि शेवटी एकाच खुर्चीपाशी थांबतात. ती खुर्ची अध्यक्षाची. एका हातात झोळी धरायची आणि पाठीचा कणाही ताठ ठेवायचा, असं हे काम आहे. दोन्ही सगळ्यांनाच जमलं नाही.

१. एचबीसीयू म्हणजे फक्त कृष्णवर्णीयांसाठी राखीव विद्यापीठ का?

नाही. व्याख्या अमेरिकेच्या १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्यात आहे. १९६४ च्या आधी स्थापन झालेली, मान्यताप्राप्त आणि कृष्णवर्णीय अमेरिकनांचं शिक्षण हे मुख्य ध्येय असलेली संस्था म्हणजे एचबीसीयू, 'ऐतिहासिक कृष्णवर्णीय महाविद्यालय वा विद्यापीठ'. यांची दारं इतरांना बंद नव्हती. बंद होती ती बाकीच्या कॉलेजांची. आज १९ राज्यं, वॉशिंग्टन डीसी आणि अमेरिकी व्हर्जिन बेटं मिळून अशा सुमारे १०० संस्था आहेत. सर्वांत जुनी पेन्सिल्वेनियातली चेनी, १८३७ सालची. बहुतेक बाकीच्या यादवी युद्धानंतरच्या. आज दर चार विद्यार्थ्यांमागे साधारण एक कृष्णवर्णीय नसतो.

व्याख्येतच १९६४ ची रेघ आखलेली असल्यामुळे नवी एचबीसीयू आता काढता येत नाही. आहेत तेवढ्याच टिकवायच्या, हे ओझं प्रत्येक अध्यक्षाच्या डोक्यावर असतं.

२. प्रेसिडेंट म्हणजे आपला कुलगुरू की शिक्षणसंस्थेचा अध्यक्ष?

थोडा तो, थोडा हा. आपल्याकडे कुलपती राज्यपाल असतात, कुलगुरू कारभार पाहतात आणि खासगी कॉलेज असेल तर पैशाची चिंता संस्थाचालकांची असते. अमेरिकेत यातलं जवळजवळ सगळं प्रेसिडेंटच्या गळ्यात असतं: अभ्यासक्रमापासून वसतिगृहाच्या गळक्या छपरापर्यंत आणि देणग्यांपासून फुटबॉलच्या प्रशिक्षकापर्यंत. वर असतं ते विश्वस्त मंडळ. पदनामावर मात्र जाऊ नका. नॉर्थ कॅरोलिना ए अँड टीच्या प्रमुखाला चान्सलर म्हणतात, कारण तिथे प्रेसिडेंट हा सगळ्या राज्य विद्यापीठांच्या गटाचा असतो. इथे सोयीसाठी सरसकट 'अध्यक्ष' म्हटलं आहे.

३. अध्यक्षाची निवड कोण करतं? विद्यार्थ्यांचं कोणी ऐकतं का?

निवड विश्वस्त मंडळ करतं. सरकारी विद्यापीठ असेल तर मंडळावरचे बरेच सदस्य राज्यपालांनी नेमलेले असतात, म्हणजे राजकारण दारातूनच आत येतं. चर्चने काढलेल्या कॉलेजांत बिशपांचा शब्द वजनदार असतो.

विद्यार्थ्यांचं ऐकतात, पण कधी कधी दार लावून घ्यावं लागतं. अटलांटातलं स्पेलमन हे मुलींचं कॉलेज. १९७६ मध्ये तिथे पुन्हा पुरुष अध्यक्ष निवडला गेला, तेव्हा मुलींनी विश्वस्तांना बैठकीच्या खोलीत कोंडून घातलं. कृष्णवर्णीय स्त्री अध्यक्ष हवी, ही त्यांची मागणी होती. त्या वेळी ती मान्य झाली नाही. ११ वर्षांनी झाली (प्रश्न १० पाहा).

४. पहिल्यापासून अध्यक्ष कृष्णवर्णीयच असायचे ना?

इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. ओहायोतल्या विल्बरफोर्सला १८६३ मध्येच डॅनियल पेन हे कृष्णवर्णीय अध्यक्ष मिळाले, पण तो अपवाद. मोरहाउसला पहिला कृष्णवर्णीय अध्यक्ष मिळायला १९०६ उजाडलं. हॉवर्डची स्थापना १८६७ ची, तिथे १९२६. पेन्सिल्वेनियातल्या लिंकनमध्ये १९४५, हॅम्प्टनमध्ये १९४९, स्पेलमनमध्ये १९५३. पैसा उत्तरेकडच्या गोऱ्या मिशनऱ्यांचा आणि धनिकांचा होता, म्हणून किल्ल्याही त्यांच्याकडे. 'आमच्या भल्यासाठी काढलेली संस्था आम्ही कधी चालवायची?' हा प्रश्न आपल्याकडच्या वंचितांच्या चळवळींनाही नवा नाही.

टस्कीगीची गोष्ट वेगळी. तिथे १८८१ पासून बुकर टी. वॉशिंग्टन होते, पदनाम फक्त 'प्रिन्सिपल'. विद्यार्थ्यांकडून विटा पाडून घेऊन इमारती उभ्या करायच्या, हे त्यांनी ठरवलं. भट्टी तीनदा फसली. चौथ्या वेळी हातात दमडी नव्हती, तेव्हा त्यांनी घड्याळ गहाण ठेवून १५ डॉलर उभे केले आणि विटा भाजून निघाल्या.

५. अध्यक्ष दिवसभर करतात तरी काय?

सगळ्यात जास्त वेळ जातो पैसे मागण्यात. आपल्याकडे महर्षी कर्वे आणि भाऊराव पाटील ज्या कामासाठी वणवण फिरले, तेच हे. फ्लोरिडात डेटोनाला मेरी मॅक्लाउड बेथ्यून यांनी १९०४ मध्ये दीड डॉलर आणि पाच मुलींवर शाळा सुरू केली. रताळ्याचे 'पाय' (सारण भरून भाजलेला गोड पदार्थ) विकून पैसे जमवले आणि सुट्टीवर येणाऱ्या गोऱ्या श्रीमंतांच्या दारी गेल्या. त्याच शाळेतून पुढे बेथ्यून-कुकमन उभं राहिलं.

एकेकट्याने मागून भागेना, तेव्हा टस्कीगीचे अध्यक्ष फ्रेडरिक पॅटरसन यांनी १९४४ मध्ये २७ खासगी कॉलेजांना एकत्र आणून युनायटेड निग्रो कॉलेज फंड काढला. एकमेकांचे देणगीदार पळवण्यापेक्षा एकच झोळी फिरवू, असा साधा हिशेब. तो फंड आजही चालू आहे.

ही धावपळ संपत का नाही? गंगाजळी लहान, विद्यार्थी बहुतेक गरीब घरातले आणि खर्च मुख्यतः फीवर चालणारा. ऑगस्टमध्ये दोनशे मुलं कमी आली, तर ऑक्टोबरमध्ये पगाराची पंचाईत. २०११ मध्ये केंद्र सरकारने पालकांना मिळणाऱ्या शैक्षणिक कर्जाच्या पतपडताळणीचे निकष कडक केले. वॉशिंग्टनमध्ये तो एक छोटा प्रशासकीय बदल होता. एचबीसीयूंमध्ये पुढच्याच वर्षी कित्येक मुलांना घरी परतावं लागलं.

उरलेल्या वेळात मान्यतेचे अहवाल, प्राध्यापकांच्या कुरबुरी, माजी विद्यार्थ्यांचे मेळावे. २०२२ च्या सुरुवातीला डझनावारी एचबीसीयूंना बॉम्बच्या धमक्या आल्या, तेव्हा पहाटे उठून परिसर बंद करायचा की नाही हे ठरवणं, तेही.

६. सरकारी विद्यापीठ असेल तर पैशाची चिंता कशाला?

उलट तिथेच जास्त. १८९० च्या दुसऱ्या मॉरिल कायद्याने दक्षिणेतल्या राज्यांना दोन पर्याय दिले: शेती आणि तंत्रशिक्षणाच्या तुमच्या सरकारी कॉलेजात कृष्णवर्णीयांना घ्या, नाहीतर त्यांच्यासाठी वेगळं कॉलेज काढा. राज्यांनी वेगळं काढलं आणि मग उपाशी ठेवलं. केंद्राने दिलेल्या पैशाला राज्याने आपल्या वाट्याची जोड द्यायची असते. गोऱ्यांच्या जुन्या विद्यापीठाला ती पुरेपूर मिळायची, कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठाला तुटपुंजी.

सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्राच्या शिक्षण आणि कृषी मंत्र्यांनी १६ राज्यपालांना पत्रं लिहून हा हिशेब मांडला. सुमारे ३० वर्षांत या विद्यापीठांना १२ अब्ज डॉलरहून अधिक कमी मिळाले होते. एकट्या टेनेसी स्टेटचा आकडा २ अब्जांच्या वर. पत्राने पैसे मिळत नाहीत हे वेगळं सांगायला नको.

मग अध्यक्षाने राज्यावर खटला भरायचा का? इथे खरी अडचण आहे. ज्या विधिमंडळाकडे दरवर्षी हात पसरायचा, त्यालाच कोर्टात कसं खेचायचं? म्हणून असे खटले बहुधा माजी विद्यार्थी आणि नागरिक लढवतात, अध्यक्ष दुरून आकडे पुरवतात. मेरीलँडमध्ये असा खटला २००६ मध्ये दाखल झाला आणि २०२१ मध्ये ५७.७ कोटी डॉलरच्या तडजोडीवर मिटला. चार विद्यापीठं, दहा वर्षांचे हप्ते. १५ वर्षांत अध्यक्ष बदलले, खटला तोच राहिला.

७. मोठा देणगीदार मिळाला की सुटलं ना?

कधी कधी खरंच सुटतं. २०२० मध्ये अब्जाधीश दानशूर मॅकेन्झी स्कॉट यांनी अनेक एचबीसीयूंना न मागता आणि बिनशर्त देणग्या दिल्या. टेक्ससमधल्या प्रेअरी व्ह्यूला ५ कोटी डॉलर मिळाले. तिथल्या अध्यक्ष तेव्हा रूथ सिमन्स होत्या. त्याआधी त्यांनी ब्राउन विद्यापीठ चालवलं होतं, त्यामुळे मोठे आकडे त्यांनी पाहिलेले होते.

पण भुकेल्याला पारख राहत नाही, हेही खरं. मे २०२४ मध्ये फ्लोरिडा ए अँड एमच्या पदवीदान समारंभात व्यासपीठावर भला मोठा चेक झळकला: २३.७ कोटी डॉलर. देणगी रोख नव्हती, एका खासगी कंपनीच्या शेअर्समध्ये होती. थोड्याच दिवसांत शंका सुरू झाल्या, देणगी थांबली, चौकशी लागली आणि त्याच उन्हाळ्यात अध्यक्षांनी राजीनामा दिला. माझ्या मते दोष एकट्या माणसाचा नव्हता. दीडशे वर्षांची तहान असली की मृगजळालाही पाणी म्हणावंसं वाटतं.

देणगीत मिळालेली वस्तू विकता येते का, असंही विचारतात. नॅशव्हिलच्या फिस्कला चित्रकार जॉर्जिया ओकीफ यांनी १९४९ मध्ये आधुनिक चित्रांचा अमोल संग्रह दिला होता. तिजोरी रिकामी झाल्यावर विद्यापीठाने त्यावर पैसे उभे करायचं ठरवलं, तर वर्षानुवर्षं कोर्टबाजी झाली. शेवटी २०१२ मध्ये आर्कान्सातल्या एका संग्रहालयाने ३ कोटी डॉलर देऊन अर्धी मालकी घेतली. आता चित्रं आलटून पालटून दोन्हीकडे असतात. सुनेने सासूचे दागिने मोडल्यासारखी टीका झाली. पगार भागले, हे टीकाकार सांगत नाहीत.

८. विद्यार्थी आंदोलनात उतरले तर अध्यक्ष कोणाच्या बाजूने उभे राहतात?

या पदाचा सगळा पेच या एका प्रश्नात आहे. १९६० चा फेब्रुवारी घ्या. अलाबामाच्या माँटगोमेरीत अलाबामा स्टेटचे विद्यार्थी न्यायालयाच्या इमारतीतल्या गोऱ्यांच्या उपाहारगृहात जाऊन बसले. राज्यपाल जॉन पॅटरसन यांनी अध्यक्ष एच. काउन्सिल ट्रेनहोम यांच्यावर दबाव आणला आणि नऊ विद्यार्थ्यांची हकालपट्टी झाली. इतिहासाचे प्राध्यापक लॉरेन्स रेडिक यांचीही नोकरी गेली. ट्रेनहोम यांनी हे कॉलेज १९२५ पासून वाढवलं होतं. नाही म्हटलं असतं तर अनुदान बंद, कदाचित कॉलेजही बंद. त्यांनी मान तुकवली. त्यांना सरळ भेकड म्हणणं मला जमत नाही. नऊ विद्यार्थ्यांच्या जागी बसून पाहिलं तर समर्थनही जमत नाही.

आता नॉर्थ कॅरोलिनातलं बेनेट पाहा. मुलींचं छोटं खासगी कॉलेज, अध्यक्ष विला प्लेअर. १९५८ मध्ये ग्रीन्सबरोत मार्टिन ल्युथर किंग यांच्या भाषणाला कोणी जागा देईना, तेव्हा त्यांनी कॉलेजचं चॅपल उघडून दिलं. पुढे धरण्यांत त्यांच्या मुली तुरुंगात गेल्या, तर प्लेअर भेटायला गेल्या आणि अभ्यास बुडू नये म्हणून तुरुंगातच त्याची सोय लावली. धैर्य त्यांचं होतंच. पण त्यांचा पगार राज्यपालांच्या सहीने निघत नव्हता, हेही विसरू नये.

तिसरा प्रकार बुकर टी. वॉशिंग्टन यांचा. वर वर गोऱ्यांशी जुळवून घ्यायचं आणि मतदानाचा हक्क हिरावणाऱ्या कायद्यांविरुद्धच्या खटल्यांना गुपचूप पैसे पुरवायचे. कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांनी त्यांच्या जुळवून घेण्यावर सडकून टीका केली. पडद्यामागचं बरंचसं नंतर उघड झालं.

आंदोलन खुद्द अध्यक्षाविरुद्ध असेल तर काय होतं तेही पाहण्यासारखं आहे. १९२५ मध्ये फिस्कच्या विद्यार्थ्यांनी संप करून फेएट मॅकेन्झी यांना घालवलं. १९८९ मध्ये रिपब्लिकन पक्षाचे ली अॅटवॉटर यांना विश्वस्त केल्यावर हॉवर्डच्या विद्यार्थ्यांनी प्रशासकीय इमारत ताब्यात घेतली. आधी अॅटवॉटर गेले, पाठोपाठ अध्यक्ष जेम्स चीकही पायउतार झाले. २०२१ मध्ये त्याच हॉवर्डमध्ये वसतिगृहांच्या दुरवस्थेवरून महिनाभर ठिय्या चालला. त्या वेळी अध्यक्ष टिकले. फरक एवढाच की १९६० मध्ये विद्यार्थी व्यवस्थेशी भांडत होते, २०२१ मध्ये भिंतीवरच्या बुरशीशी.

९. गांधी-आंबेडकरांचा या विद्यापीठांशी काही संबंध आहे का?

गांधीजींचा थेट आहे, आणि तो महाराष्ट्रातून जातो. १९३६-३७ च्या हिवाळ्यात हॉवर्डमधल्या धर्मशास्त्र विभागाचे प्रमुख बेंजामिन मेज वायएमसीएच्या परिषदेसाठी म्हैसूरला आले होते. त्या प्रवासात ते वर्ध्याला गांधीजींना भेटले आणि अहिंसेवर बारीकसारीक प्रश्न विचारून आले. म्हैसूरजवळच्या अस्पृश्यांच्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख 'अमेरिकेतले अस्पृश्य' अशी करून दिली. मेज आधी चमकले, थोडे रागावलेही. मग त्यांच्या ध्यानात आलं की मुख्याध्यापकांचं म्हणणं खोटं नाही.

हेच मेज १९४० ते १९६७ मोरहाउसचे अध्यक्ष होते. १९४४ मध्ये १५ वर्षांचे मार्टिन ल्युथर किंग तिथे दाखल झाले आणि चॅपलमधली मेज यांची भाषणं ऐकत वाढले. १९६८ मध्ये किंग यांच्या अंत्यविधीत श्रद्धांजलीचं भाषण मेज यांनीच केलं. हॉवर्डचे अध्यक्ष मॉर्डेकाय जॉन्सनही भारत पाहून आले होते. १९५० मध्ये फिलाडेल्फियात त्यांचं गांधीजींवरचं भाषण ऐकून किंग यांनी गांधींवरची पुस्तकं विकत घेतली.

बाबासाहेबांनी १९४६ मध्ये ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं. पण ते या विद्यापीठांबद्दल नव्हतं, कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाबद्दल होतं. तेव्हा ओढूनताणून नातं जोडायला नको.

१०. स्त्रिया अध्यक्ष कधीपासून झाल्या?

बेथ्यून यांच्याबद्दल प्रश्न ५ मध्ये आलं आहे, प्लेअर यांच्याबद्दल प्रश्न ८ मध्ये. चार वर्षांच्या पदवी महाविद्यालयाच्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री अध्यक्ष म्हणून सहसा प्लेअर यांचं नाव घेतात, १९५५. स्पेलमनचा इतिहास गमतीचा आहे. १८८१ पासून सुरुवातीच्या अध्यक्ष गोऱ्या बायका, १९५३ मध्ये पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष आले ते पुरुष, आणि दोन्ही एका व्यक्तीत यायला जॉनेटा कोल यांची वाट पाहावी लागली. ते साल १९८७.

११. फुटबॉल आणि बँड बंद करायची हिंमत कोणी केली आहे का?

केली आहे, पण सांभाळून. एचबीसीयूमध्ये बँड आणि होमकमिंगचा (माजी विद्यार्थ्यांच्या वार्षिक मेळाव्याचा) सामना म्हणजे गावची जत्रा; माजी विद्यार्थी वर्गणी देतात ती बऱ्याचदा त्याच दिवशी. ग्रॅम्बलिंगचे अध्यक्ष राल्फ वाल्डो इमर्सन जोन्स (हेच त्यांचं नाव) तर अध्यक्ष असतानाच बेसबॉल संघाचे प्रशिक्षकही होते.

तरी २०१२ मध्ये स्पेलमनच्या अध्यक्ष बेव्हर्ली टेटम यांनी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांतून कॉलेज काढून घ्यायचं ठरवलं. जेमतेम ८० खेळाडूंवर दहा लाख डॉलरच्या आसपास खर्च होत होता. तो पैसा त्यांनी सगळ्या मुलींच्या आरोग्याकडे वळवला. डॅलसमधल्या पॉल क्विनचे मायकेल सोरेल २००७ मध्ये आले आणि त्यांनी फुटबॉल बंद केला. २०१० मध्ये त्या मैदानावर सेंद्रिय शेती सुरू झाली. गोलखांबांच्या मधे पालेभाजी. दोघांनाही शिव्या खाव्या लागल्या, पण खुर्ची गेली नाही.

१२. मान्यता गेली तर कॉलेज संपतं का?

लगेच नाही, पण गळा आवळला जातो. मान्यता नसेल तर केंद्राची शिष्यवृत्ती आणि कर्जं बंद, आणि गरीब मुलांच्या कॉलेजात त्याविना पट उरत नाही. अटलांटाच्या मॉरिस ब्राउनची मान्यता २००२ मध्ये गेली, परत मिळाली २०२२ मध्ये. मधली वीस वर्षं ते मोजक्या विद्यार्थ्यांवर तगलं. बेनेटची कथा जिवाला लागते. पैशाच्या कारणावरून मान्यता काढली तेव्हा त्यांनी ५० लाख डॉलरचं लक्ष्य ठेवून काही आठवड्यांत ८० लाखांवर जमवले, तरी २०१९ मध्ये अपील फेटाळलं गेलं. पुढे मान्यता देणाऱ्या दुसऱ्या संस्थेकडून ती मिळवून कॉलेज चालू राहिलं. व्हर्जिनियातलं सेंट पॉल्स मात्र २०१३ मध्ये कायमचं बंद झालं.

१३. एक अध्यक्ष किती वर्षं टिकतो?

पूर्वी आयुष्यभर. न्यू ऑर्लिन्समधल्या झेवियरचे नॉर्मन फ्रान्सिस १९६८ ते २०१५, म्हणजे ४७ वर्षं. किंग यांची हत्या झाली त्याच दिवशी त्यांनी हे पद स्वीकारलं, आणि २००५ मध्ये कतरिना वादळात बुडालेलं विद्यापीठ पुढच्या जानेवारीत पुन्हा उघडलं. हॅम्प्टनचे विल्यम हार्वी १९७८ ते २०२२. आता चित्र पालटलं आहे. हॉवर्डने फेब्रुवारी २०२५ मध्ये संशोधनातली सर्वोच्च श्रेणी मिळवली, आणि २०२३ मध्ये आलेले अध्यक्ष २०२५ च्याच ऑगस्टअखेर गेलेही. लांब कारकीर्दीचा फायदा देणगीदारांच्या विश्वासात दिसतो, तोटा घराणेशाहीसारख्या दरबारात. पण दोन वर्षांत तर माणसाला माजी विद्यार्थ्यांची नावंही पाठ होत नाहीत.

१४. विद्यार्थी बहुसंख्येने गोरे असतील तरी ते एचबीसीयूच का? आणि अध्यक्ष गोरा असू शकतो?

दोन्हीचं उत्तर हो. वेस्ट व्हर्जिनियातलं ब्लूफील्ड स्टेट कोळसा खाणींच्या भागातल्या कृष्णवर्णीयांसाठी १८९५ मध्ये निघालं. वर्णभेद संपल्यावर आसपासची गोरी मुलं येऊ लागली आणि आज तिथे बहुसंख्य तीच आहेत. व्याख्या स्थापनेच्या काळावर आणि ध्येयावर ठरते (प्रश्न १ पाहा), आजच्या पटावर नाही. नेमणुकीत वंश पाहणं बेकायदेशीर आहे. प्रत्यक्षात विश्वस्त काय पाहतात ते उघड गुपित आहे.

१५. अलाबामा स्टेटमधून काढलेल्या त्या नऊ जणांचं पुढे काय झालं?

प्रश्न ८ वाचून हा हमखास येतो. त्यांच्यापैकी काही जण कोर्टात गेले. १९६१ मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाने 'डिक्सन' खटल्यात निकाल दिला की सरकारी कॉलेजाला विद्यार्थ्याला नोटीस आणि बाजू मांडायची संधी दिल्याशिवाय काढता येणार नाही. आज अमेरिकेतल्या कुठल्याही सरकारी विद्यापीठात शिस्तभंगाची सुनावणी होते ती या निकालाच्या आधारावर, मग विद्यार्थी कोणत्याही वर्णाचा असो. ट्रेनहोम १९६३ मध्ये वारले. मे २०१८ मध्ये अलाबामाच्या शिक्षण खात्याच्या तत्कालीन हंगामी प्रमुखांनी त्या नऊ जणांच्या आणि रेडिक यांच्यासह नोकरी गमावलेल्या प्राध्यापकांच्या कागदपत्रांवरचे शेरे पुसून टाकले. ५८ वर्षं लागली, आणि सही अध्यक्षाची नव्हती.